मेनफ्रेमचा जुना की सर्व्हर (टेपच्या किल्ल्या सांभाळणारा) कधीच बंद केला, तरी दर आयपीएलनंतर, म्हणजे सिस्टीम नव्याने सुरू झाल्यावर, टेप जॉब पडतोय? आधी हे बघा

लक्षण आधी सांगतो, जुळलं तरच पुढे वाचा, नाहीतर वेळ घालवू नका. जुने एन्क्रिप्शन की मॅनेजर, म्हणजे ईकेएमवाले प्रायमरी-सेकंडरी असे दोन सर्व्हर, तुम्ही बंद केलेत, त्यांच्या जागी नवीन की लाइफसायकल मॅनेजर लागलाय, महिनाभर सगळं सुरळीत चाललंय, आणि मग एका रविवारी मेंटेनन्स विंडोमध्ये एलपार (मेनफ्रेमचा एक स्वतंत्र भाग) आयपीएल होतो नि सोमवारी पहाटे ३५९२ टेप ड्राइव्हवरचा पहिलाच जॉब ओपनला, म्हणजे फाइल उघडतानाच, आपटतो. कोणीतरी सीनियर उठून एक कमांड मारतो, जॉब रीस्टार्ट होतो, तिकीट बंद. पुढच्या आयपीएलला परत तेच. मध्येच कधीतरी आयपीएल नसतानाही होतं, म्हणून कोणाला पॅटर्न दिसत नाही.

आमच्याकडे हे चार वेळा झालं. मी हिंजवडीत बसून नाइट शिफ्टला एका परदेशी क्लायंटचं मेनफ्रेम स्टोरेज बघतो, मशीन तिकडे, झोप इकडे उडालेली. चौथ्या वेळी ऑपरेटरचा फोन आला, "सर, माउंट पेंडिंग नाहीये, टेप चढलीये, पण वाचतच नाहीये, ड्राइव्ह बदलून पण बघितला." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ड्राइव्ह बदलूनही तोच प्रकार होत असेल तर हार्डवेअरवाल्याला उठवू नका, बिचारा हेड साफ करून जाईल नि काही होणार नाही.

आधी की येते कुठून ते डोक्यात पक्कं असू द्या, नाहीतर पुढचं सगळं अंधारात तीर. टीएस११२० ड्राइव्हमध्ये एन्क्रिप्शन आलं २००६ मध्ये, तेव्हा सोबत ईकेएम नावाचा जावातला छोटा प्रोग्रॅम मिळायचा. ड्राइव्ह स्वतः डेटा एन्क्रिप्ट करतो, त्यासाठी २५६ बिटची एईएस डेटा की लागते, आणि ही डेटा की सर्व्हरवरच्या आरएसए पब्लिक कीने गुंडाळून टेपवरच ठेवलेली असते. म्हणजे कुलूप आणि कुलपाची किल्ली दोन्ही टेपवरच, फक्त ती किल्ली एका पाकिटात बंद आहे आणि ते पाकीट फोडायची प्रायव्हेट की सर्व्हरकडे. अशी दोन पाकिटं टेपवर ठेवता येतात, दोन वेगवेगळ्या लेबलांची. टेप वाचायला घेतली की ड्राइव्ह पाकीट सर्व्हरकडे पाठवतो, सर्व्हर फोडून देतो. एलटीओ या दुसऱ्या जातीच्या टेपचं वेगळं आहे, तिथे टेपवर पाकीट नसतं, फक्त कीचं नाव असतं आणि की अख्खी सर्व्हरवर असते, पण मेनफ्रेमवर बहुतेकांकडे ३५९२ असते म्हणून तेच धरून लिहितोय.

आता ड्राइव्हची ही मागणी सर्व्हरपर्यंत जाते कशी? दोन रस्ते. एक, टेप ड्राइव्हचं कंट्रोल युनिट स्वतःच्या नेटवर्क केबलने थेट सर्व्हरशी बोलतं, त्याला आउट-ऑफ-बँड म्हणतात. दुसरा इन-बँड, म्हणजे मागणी फायकॉन चॅनलवरून, म्हणजे मेनफ्रेम आणि ड्राइव्हमधल्या फायबर जोडणीवरून, झेड ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये येते, तिथे आयओएसएएस हा सिस्टीमचाच एक प्रोग्रॅम ती उचलतो आणि टीसीपी आयपीवरून की सर्व्हरला पाठवतो, डीफॉल्ट पोर्ट ३८०१. आमचा त्रास इन-बँडचा होता, आणि माझ्या मते दहातले आठ जण जे "परत परत येतंय" म्हणतात त्यांचाही तोच असतो.

तर सगळ्यात आधी, पडलेल्या एलपारवर कन्सोलला डी आयओएस कॉमा ईकेएम मारा. प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन पत्ते दिसतील. आमच्या स्क्रीनवर, जुने सर्व्हर बंद करून तीन महिने झाल्यावरही, प्रायमरीच्या पुढे त्या मेलेल्या सर्व्हरचाच आयपी ॲड्रेस होता. मी डोळे चोळून परत मारली कमांड. तोच.

कारण साधं होतं. कटओव्हरच्या रात्री ज्याने बदल केला त्याने सेटआयओएस कमांडने नवीन पत्ता दिला. तो बदल चालू सिस्टीममध्ये लगेच लागतो, म्हणून टेस्ट पास झाली, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, चेंज क्लोज. पण आयपीएलला सिस्टीम पत्ता वाचते पार्मलिबमधून, म्हणजे सिस्टीमच्या सेटिंग्जच्या लायब्ररीतून, तिथल्या आयईसीआयओएस मेंबरमधल्या (फाइलच समजा) ईकेएम ओळीतून, आणि ती ओळ कोणी बदललीच नव्हती. म्हणजे दर आयपीएलला जुना पत्ता नव्याने जन्माला येत होता आणि दर वेळी कोणीतरी कमांड मारून त्याला मारत होता. पहिल्या तीन तिकिटांत रिझोल्यूशनच्या जागी एकच वाक्य, "कमांड दिली, जॉब ओके". कुठली कमांड, का, काही नाही.

मग मी शहाणपणा करून मेंबर बदलला. पुढच्या आयपीएलला परत पडलं. हसू नका. मी बदललं शून्य शून्य सफिक्सचं, म्हणजे नावाच्या शेवटी ०० असलेलं मेंबर, आणि त्या एलपारचं आयईएएसवायएस, म्हणजे आयपीएलला कुठलं मेंबर घ्यायचं ते ठरवणारं मेंबर, सांगत होतं आयओएस=०१. म्हणून मेंबर हातात घ्यायच्या आधी त्या एलपारने शेवटच्या आयपीएलला नक्की कुठलं सफिक्स वापरलं ते बघा. सिसप्लेक्समध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या एलपारच्या गटात, सगळ्यांचं पार्मलिब एकच आहे असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ईकेएमच्या काळात बऱ्याच ठिकाणी तो प्रोग्रॅम झेड ओएसमध्येच चालायचा, मग लोकांनी प्रत्येक एलपारला स्वतःच्याच एलपारचा पत्ता दिलेला असायचा, आणि त्यासाठी प्रत्येकाचं मेंबर वेगळं. आमच्याकडे सहा एलपारसाठी चार मेंबर निघाले, त्यातलं एक डीआर साइटचं (आपत्तीसाठी राखीव), जे वर्षातून एकदा ड्रिलला उघडतं. ते तसंच राहिलं असतं तर ड्रिलच्या दिवशी तमाशा होता. बदल झाला की आयपीएलची वाट बघत बसायची गरज नाही, सेट आयओएस=सफिक्स (ही वरच्या सेटआयओएसहून वेगळी कमांड) देऊन तेच मेंबर चालू सिस्टीमवर परत वाचायला लावा, म्हणजे ओळीत टायपिंगची चूक असेल तर दिवसाढवळ्या कळेल.

आयपीएल नसतानाही मध्येच पडायचं त्याचं कारण सेकंडरी. कमांड मारणारा माणूस घाईत फक्त प्रायमरी बदलायचा. नवीन प्रायमरी जिवंत आहे तोवर सेकंडरीला कोण विचारतो? पण नवीन सर्व्हरला पॅच लागायचा दिवस आला, तो अर्धा तास खाली गेला, की आयओएसएएस सेकंडरीकडे वळणार, आणि सेकंडरी म्हणजे कधीच बंद केलेला जुना सर्व्हर. तेव्हा दोन्ही पत्ते बदला आणि त्याच डिस्प्ले कमांडला व्हेरिफाय=ऑल जोडून दोन्हींशी कनेक्शन होतंय ना ते बघा. पत्ते नावाने दिले असतील तर नाव रिझॉल्व्ह होतंय का तेही त्यातच कळतं. नवीनच एलपार असेल आणि कनेक्शनच होत नसेल तर आयओएसएएसला रॅकएफमध्ये (झेड ओएसचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर) ओएमव्हीएस सेगमेंट, म्हणजे युनिक्स सेवा वापरायची ओळख, दिलाय का ते बघा, तो नसेल तर आयओएसएएस टीसीपी आयपीच्या दारातच उभा राहतो.

आता कनेक्शन हिरवं, तरीही टेप वाचत नाही, ही दुसरी जात. इथे व्हेरिफायवर भिस्त ठेवू नका, ती कमांड रस्ता उघडा आहे एवढंच सांगते, त्या घरात तुमची किल्ली आहे की नाही हे सांगत नाही. इथे सर्व्हरने ड्राइव्हला परत दिलेला कोड बघायचा. ईएफ०१ दिसला तर नवीन सर्व्हर ड्राइव्हलाच ओळखत नाहीये. जुन्या ईकेएममध्ये अनोळखी ड्राइव्ह आपोआप घ्यायची प्रॉपर्टी असायची, ॲक्सेप्ट अननोन ड्राइव्ह्ज, ती कोणीतरी २००७-०८ मध्ये ट्रू करून ठेवलेली असते आणि मग जन्मात कोणाला ड्राइव्ह रजिस्टर करायची सवयच नसते. नवीन ठिकाणी सिक्युरिटीवाले ते बंद ठेवतात, किंवा ड्राइव्ह पेंडिंग यादीत जाऊन पडतो आणि कोणीतरी येऊन ॲक्सेप्ट करेपर्यंत तिथेच बसतो. ड्राइव्ह खराब होऊन बदलला की सीरियल नंबर बदलतो, की परत ईएफ०१. हेही "परत परत येतंय"मध्येच मोडतं आणि हार्डवेअर बदलाच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ टाकली की संपतं.

ईई३१ दिसला तर मामला कीस्टोअरचा, म्हणजे सर्व्हर कीज जिथे ठेवतो त्या साठ्याचा. यात आमचे दोन आठवडे गेले. मायग्रेशन करणाऱ्या टीमने जुन्या कीज नवीन सर्व्हरवर नेल्या, नेताना नावं "व्यवस्थित" केली. जुनी लेबलं म्हणजे कोणाच्या तरी मूडनुसार ठेवलेली, टेपकी२००९, टेस्टकीफायनल, असली काहीतरी, मग यांनी नवीन स्टँडर्डप्रमाणे छान नावं दिली. आता गंमत अशी की पाकिटावर पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो, एक लेबलाने आणि दुसरा पब्लिक कीच्या हॅशने, जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचना) किंवा डेटा क्लासमध्ये (फाइलसाठी आधीच ठरवलेली सेटिंग्ज) एल किंवा एच असं जे देतो ते हेच. हॅश असेल तर सर्व्हरवर कीचं नाव काहीही ठेवा, ती सापडते. लेबल असेल तर सर्व्हर तेच नाव शोधणार, आणि तुम्ही बारसं परत केलंय. आमच्या जवळपास सगळ्या टेप एलवाल्या. उपाय एकच, त्याच कीज जुन्या नावानेच परत घालणं. नाव घाणेरडं असलं तरी असू द्या.

कीस्टोअरचाच दुसरा एक सापळा असा की जुन्या ईकेएममध्ये दोन सर्व्हर सिंक व्हायचे म्हणजे ड्राइव्ह टेबल आणि कॉन्फिगरेशन सिंक व्हायचं, कीस्टोअर नाही. ते हाताने कॉपी करावं लागायचं. त्यामुळे प्रायमरीवर एक की जास्त आणि सेकंडरीवर कमी हे अगदी नेहमीचं. मायग्रेशनसाठी तुम्ही सेकंडरीची फाइल उचलली असेल, "सेमच आहेत ना दोन्ही" म्हणून, तर एखाद-दुसरी की मागे राहिली समजा. दोन्हीकडची यादी काढून बाजूबाजूला लावून बघा.

आणि तुमच्या जुन्या कीज फाइलमध्ये नसून आयसीएसएफमध्ये, म्हणजे झेड ओएसच्या क्रिप्टो सेवेत, क्रिप्टो कार्डच्या मास्टर कीखाली असतील, तर त्या उचलून बाहेरच्या सर्व्हरवर नेता येत नाहीत, मुळात तशा ठेवण्याचा उद्देशच तो असतो. रॅकएफमधून सर्टिफिकेटसोबत प्रायव्हेट की एक्स्पोर्ट करायला जाल तर तिथेच नकार मिळेल. हे प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात विचारायचा प्रश्न आहे, शटडाउनच्या आदल्या रात्री नाही. अशा वेळी मग कीला नेता येत नाही तर टेपला नवीन कीवर आणायचं, आणि ते काम जुना सर्व्हर जिवंत असतानाच होतं.

ते कसं करायचं तर ३५९२ साठी आयईएचआयएनआयटीटी युटिलिटीमध्ये रीकी आहे. ती डेटाला हात लावत नाही, फक्त पाकीट बदलते, जुन्याने फोडायचं आणि नवीन लेबलाने परत बंद करायचं, म्हणून भरलेल्या टेपलाही माउंटचा वेळ धरून फारसा वेळ लागत नाही. पण फोडायला जुनी प्रायव्हेट की हवीच. कुठल्या टेप जुन्या लेबलाच्या आहेत ते, आरएमएम हे टेपची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर, व्हॉल्यूमच्या माहितीतच लेबल दिसतं, त्याची एक्स्ट्रॅक्ट काढून छाटा. एचएसएम (न वापरलेला डेटा टेपवर हलवणारं सॉफ्टवेअर) ज्या टेपवर डेटा ठेवतं त्या एमएल२ टेप रीसायकलमध्ये, म्हणजे उरलेला जिवंत डेटा नवीन टेपवर गोळा करताना, आपोआप नवीन टेपवर जातात आणि डेटा क्लास बदललेला असेल तर नवीन लेबल घेतात, पण ज्या टेपवर नव्वद टक्के डेटा अजून जिवंत आहे ती टेप रीसायकलच्या टक्केवारीत कधी बसतच नाही आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. तिला मुद्दाम ढकलावी लागते.

टीएस७७००, म्हणजे व्हर्च्युअल टेप लायब्ररी, असेल तर एक इशारा. तिथे मागच्या ड्राइव्हच्या की सर्व्हरचे पत्ते त्याच्या मॅनेजमेंट स्क्रीनवर असतात, झेड ओएसमधल्या पत्त्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही, म्हणजे तुम्ही पार्मलिब कितीही नीट केलं तरी इथे जुनाच पत्ता बसलेला असू शकतो. आणि हे उशिरा कळतं कारण व्हर्च्युअल व्हॉल्यूम कॅशमध्ये असेल तर खऱ्या टेपची गरजच पडत नाही, जॉब मस्त चालतो. जो डेटा कोणी सहा महिने मागितला नाही तो रिकॉल करायची वेळ येते, बहुतेक वर्षअखेरीला किंवा ऑडिटर आल्यावर, तेव्हा पडतं. टेस्ट करायचीच असेल तर जुना, कॅशबाहेर गेलेला व्हॉल्यूम मुद्दाम मागवा, काल लिहिलेला वाचून काही सिद्ध होत नाही.

डीएस८००० या डिस्क स्टोरेजचं तर आणखी जपून. एन्क्रिप्टेड असेल तर तो चालू असताना कीसाठी अडत नाही, अडतो तो पॉवर बंद होऊन परत चालू होताना. तेव्हा एकही की सर्व्हर भेटला नाही तर डिस्कवरचा डेटा कोणालाच मिळत नाही. आणि तुमचा नवा की सर्व्हर ज्या व्हर्च्युअल मशीनवर आहे ते मशीनच त्या डिस्कवर असेल तर? डिस्क उघडायला किल्ली हवी, किल्ली डिस्कच्या आत. याला की डेडलॉक म्हणतात आणि म्हणूनच एक तरी की सर्व्हर त्या स्टोरेजच्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या डिस्कवर लागतो. जुना काळा डबा, धूळ खाणारा, कोणाला आवडत नसलेला, तोच बऱ्याच वेळा हे काम गुपचूप करत असतो. तो काढायच्या आधी डीएससीएलआयमध्ये (त्या डिस्कची कमांड लाइन) एलएसकीएमजीआर मारून तो यादीत आहे का बघा, नव्याने काय लावलंय ते बघा, आणि रिकव्हरी की कोणत्या दोन माणसांकडे आहे, ते दोघं अजून कंपनीत आहेत का, हे पण विचारा. आमच्याकडे एक रिटायर झाला होता.

एवढं सगळं करूनही कोणी जुन्या सर्व्हरला हाक मारतंय का हे कसं कळणार? सर्व्हर बंद केला की लॉग पण बंद होतो, तिथेच लोक फसतात. बंद करायच्या आधी महिनाभर त्याचा ऑडिट लॉग पूर्ण चालू करा, कुठला ड्राइव्ह आला, कुठलं लेबल मागितलं ते सगळं त्यात येतं. मग सर्व्हिस थांबवा पण मशीन काढू नका, आणि नेटवर्कवाल्यांना सांगा की त्या आयपीवर ३८०१ ला येणारं सगळं अडवा पण लॉग ठेवा. एक महिनाअखेर, एक तिमाहीअखेर आणि प्रत्येक एलपारचा एक आयपीएल त्यातून जाऊ द्या. आमच्या फायरवॉलच्या लॉगमध्ये सातव्या आठवड्यात एका टेस्ट एलपारने दार वाजवलं, जो यादीतच नव्हता. मॅनेजर म्हणत होते रॅकचं भाडं जातंय, काढा लवकर. भाडं जाऊ दे म्हटलं.

शेवटी मशीनची डिस्क पुसायची वेळ येईल तेव्हाही कीस्टोअरची फाइल पुसू नका, ती आणि तिचा पासवर्ड दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, जोवर जुन्या लेबलाची एक तरी टेप रिटेन्शनमध्ये आहे तोवर. ऑफसाइट तिजोरीतल्या टेप धरून. पासवर्ड कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वाचता येईल या भ्रमात राहू नका, ईकेएम सुरू झाल्यावर तो ओळखता येणार नाही असा बदलून लिहिलेला असतो. आमचा मिळाला एका सीलबंद पाकिटात, क्लायंटच्या तिजोरीतून, त्यावर तारीख पेनाने लिहिलेली आणि आतला कागद टाइप केलेला, शून्य आणि ओ यात फरक न कळणारा. तिकडच्या माणसाने फोनवर वाचून दाखवला, मी इकडे टाइप केला, तिसऱ्यांदा लागला.

गेल्या महिन्यात सहाही एलपार परत आयपीएल झाले. सोमवारी पहाटे फोन आलाच, त्याच ऑपरेटरचा. म्हटलं झालं. तर म्हणे, "सर, टेप वाचली. पण लायब्ररीचा दरवाजा उघडा दाखवतोय."

तो खरंच उघडा होता, कोणीतरी झाडायला गेलं होतं.